प्रश्न वाचकांचे : मिसिसिपीवरचा ईड्स पूल

गेल्या अंकात रेल्वेपुलांच्या पायांविषयी लिहिताना अमेरिकेतील सेंट लुईस येथील ईड्स पुलाचा उल्लेख आम्ही एका वाक्यात उरकला होता. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचा स्तंभ त्या पुलालाच देणे भाग आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी लेक आणि जावई सेंट लुईसला राहतात. त्यांच्याकडे गेले असता मिसिसिपी नदीवरचा तीन कमानींचा हा पूल मी पाहिला आहे. जावईबापूंनी सांगितले की पूल खुला होण्यापूर्वी त्यावरून एक हत्ती चालवला होता. हे खरे आहे का? आणि खरे असेल, तर एवढ्या मोठ्या पुलाच्या मजबुतीचा निवाडा हत्तीवर सोपवण्याची वेळ का आली?
– एक वाचक भगिनी, दादर

उत्तर : हत्तीची हकिकत खरी आहे. १४ जून १८७४ रोजी एका प्राणिसंग्रहातला हत्ती पुलावर आणला गेला आणि तो न बिचकता पलीकडे पोहोचला, तेव्हा जमलेल्या लोकांनी एकच जल्लोष केला. कच्च्या बांधकामावर हत्ती पाऊल टाकत नाही, अशी समजूत तेथेही होती. मात्र निवाडा त्याच्यावर सोपवला होता, असे म्हटले तर अभियंत्यांवर अन्याय होईल. हत्तीचे वजन फार तर चार-पाच टन. पुलाला ते जाणवण्याचेही कारण नव्हते. खरी परीक्षा २ जुलै रोजी झाली. कोळसा आणि पाणी भरलेली १४ इंजिने, दोन रुळांवर सात-सात अशी, एकेका गाळ्यावर, म्हणजे दोन खांबांमधल्या भागावर, नेऊन उभी करण्यात आली आणि कमानी किती दबतात हे मोजण्यात आले. त्यानंतर ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, पुलाचे थाटामाटात उद्घाटन झाले.

लोकांच्या मनात धास्ती होती, तिला मात्र सबळ कारणे होती. त्या काळी अमेरिकेत रेल्वेपूल कोसळल्याच्या बातम्या काही नवलाच्या नव्हत्या. त्यात हा पूल पोलादाचा होता, आणि एवढ्या मोठ्या पुलाच्या मुख्य भागांसाठी पोलाद तोवर कोणी वापरलेले नव्हते. मधला गाळा ५२० फुटांचा आणि बाजूचे दोन्ही ५०२ फुटांचे. एवढ्या लांबीची कमान त्याआधी जगात कोठेही उभी राहिली नव्हती. आपल्या लोकलचे सात डबे एकामागोमाग उभे केले तरी मधल्या गाळ्यात थोडी जागा उरेल. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे मुख्य अभियंता जेम्स ब्युकॅनन ईड्स यांनी आयुष्यात याआधी एकही पूल बांधलेला नव्हता.

त्यांच्याकडे होती ती वेगळीच पुंजी. १८२० साली जन्मलेले ईड्स तेराव्या वर्षी सेंट लुईसला आले, दुकानात पोऱ्या म्हणून राबले आणि मालकाच्या ग्रंथसंग्रहातून स्वतःच शिकले. बाविसाव्या वर्षी त्यांनी मिसिसिपीत बुडालेल्या आगबोटींमधला माल वर काढण्याचा धंदा सुरू केला. पाणबुड्याच्या घंटेत, म्हणजे तळ उघडा असलेल्या हवेच्या पेटीत, बसून ते स्वतः नदीच्या तळाशी उतरत. १८५१ च्या पुरात इलिनॉय राज्यातल्या कैरो गावाजवळ ६५ फूट खोलीवर उतरले असता पायाखाली तळ लागेना, निदान तीन फूट जाडीचा वाळूचा थर प्रवाहाबरोबर सरकत होता आणि उभे राहिले तरी वाळू हातांवरून वाहत जात होती, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. वरून जो तळ दिसतो किंवा गळ सोडून लागतो, तो पुराच्या वेळी तळ राहतच नाही, ही गोष्ट त्यांना अंगावर घेऊन कळलेली होती. म्हणून पुलाचे खांब वाळूत कितीही खोल रोवले तरी चालणार नाहीत, ते थेट खडकावरच टेकले पाहिजेत, असा त्यांचा हट्ट होता. पुलाचा सारा पुढचा इतिहास, त्याचा खर्च, त्यातले मृत्यू आणि त्याचे दीर्घायुष्यही, या एका हट्टातून निघालेला आहे, असे आमचे मत आहे.

पूल हवा कशासाठी, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. पूर्वेकडून येणारे रेल्वेमार्ग नदीच्या पूर्व काठावर येऊन थांबत, आणि तेथून माणसे व माल फेरीबोटीने शहरात येई. हिवाळ्यात नदीत बर्फ साचला की तोही मार्ग बंद. इकडे १८५६ साली उत्तरेला रॉक आयलंड येथे मिसिसिपीवरचा पहिला रेल्वेपूल झाला आणि व्यापाराचा ओघ शिकागोकडे वळू लागला. त्या पुलावर दोनच आठवड्यांत एक आगबोट आदळली. त्या खटल्यात पुलाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये अब्राहम लिंकन होते. आगबोटवाल्यांची ही ताकद लक्षात घेऊन १८६६ च्या कायद्याने सेंट लुईसच्या पुलाला अटी घातल्या : एक गाळा तरी ५०० फुटांचा हवा, नाहीतर दोन गाळे ३५० फुटांचे हवेत, झुलता पूल चालणार नाही, उघडमिटीचा पूलही चालणार नाही. या अटींमुळे पूल होणारच नाही, अशी विरोधकांची अटकळ असावी. ईड्स यांनी एक नव्हे, तीनही गाळे ५०० फुटांच्या वर नेले.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. या पुलाच्या पायांसाठी दाबाखालच्या हवेचे कॅसून वापरले आणि त्यात कामगार दगावले, असे वाचले. नदीच्या पोटात माणसे उतरवून काम कसे होत असे, आणि मृत्यू नेमके कशाने झाले?
– एक विद्यार्थी, माटुंगा

उत्तर : कॅसून म्हणजे तळ नसलेली एक प्रचंड लोखंडी पेटी. ती नदीत नेमक्या जागी तरंगत ठेवायची आणि तिच्या छतावर दगडी खांबाचे बांधकाम सुरू करायचे. थरावर थर चढत जातो तशी पेटी वजनाने खाली जाते आणि शेवटी वाळूवर टेकते. मग पेटीत दाबाने हवा भरायची, म्हणजे आतले पाणी बाहेर ढकलले जाते आणि कोरड्या पडलेल्या कोठीत उतरून माणसांना पायाखालची वाळू उपसता येते. खाली वाळू निघत राहते, वर बांधकाम चढत राहते, आणि साऱ्या खांबाचा भार डोक्यावर घेऊन पेटी इंचाइंचाने खडकाकडे सरकते. शेवटी ती कोठी काँक्रीटने भरून टाकायची. ईड्स यांनी ही पद्धत आजारपणात युरोपला गेले असताना फ्रान्समध्ये पाहिली आणि परत येऊन मूळच्या आराखड्यात तिचा समावेश केला. फरक एवढाच की एवढ्या खोलीवर ती तोवर कोणी वापरली नव्हती.

दोन सुधारणा त्यांच्या स्वतःच्या होत्या आणि दोन्ही अभ्यासण्याजोग्या आहेत. दाबाच्या हवेत शिरण्याची हवाबंद खोली तोवर खांबाच्या माथ्यावर ठेवत. ईड्स यांनी ती तळाशी नेली, त्यामुळे उतरण्याचा संपूर्ण मार्ग साध्या हवेत राहिला. दुसरे म्हणजे वाळू बादल्यांनी वर न चढवता, पाण्याच्या जोरदार झोताने ती नळीतून वर फेकणारा पंप त्यांनी तयार केला.

पूर्वेकडच्या खांबाचे कॅसून ऑक्टोबर १८६९ मध्ये पाण्यात सोडले आणि २८ फेब्रुवारी १८७० रोजी ते खडकाला टेकले. खोली होती पाण्याच्या पातळीपासून सुमारे ९३ फूट, म्हणजे आतल्या हवेचा दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ पावणेचारपट. त्या हवेत मेणबत्ती फुंकून विझवली तरी ज्योत पुन्हा आपोआप पेटे. शहरातले प्रतिष्ठित पाहुणे हौसेने खाली उतरून हा चमत्कार पाहून जात.

कामगारांसाठी मात्र तो चमत्कार नव्हता. सुमारे ६० फुटांच्या खाली गेल्यावर वर आलेल्या माणसांचे सांधे दुखू लागले, कोणाचे पाय लुळे पडले. वेदनेने वाकून चालणाऱ्या या माणसांची सुरुवातीला थट्टाही झाली. मग जस्ताचे आणि चांदीचे पट्टे मनगटाला, कमरेला बांधण्याची टूम निघाली आणि मुकादमांपासून सगळे ते बांधू लागले. १९ मार्च १८७० रोजी, खडक लागून गेल्यानंतर, कोठी काँक्रीटने भरण्याचे काम चालू असताना दोन तासांची पाळी करून वर आलेला एक कामगार काही मिनिटांतच मरण पावला. त्यानंतर मृत्यूंची रांग लागली. संपूर्ण पुलाच्या कामात या व्याधीने मेलेल्यांचा आकडा बहुधा १५ असा दिला जातो. कायमचे अपंग झालेले त्याखेरीज.

ईड्स यांचे घरचे डॉक्टर अल्फोन्स जॅमिने यांना तपासासाठी नेमण्यात आले. त्यांनी स्वतः तळाशी जाऊन पावणेतीन तास घालवले होते आणि साडेतीन मिनिटांत दाब उतरवून बाहेर आले होते. घरी पोहोचेपर्यंत त्यांच्या हातापायांतली शक्ती गेली. सुदैवाने ते बरे झाले. त्यांनी पाळ्या तासाभरापर्यंत आणि त्याहूनही कमी केल्या, विश्रांती सक्तीची केली, नदीवर तरंगते रुग्णालय ठेवले. पूर्व काठाच्या आधाराचे काम याहूनही खोल, म्हणजे पुराच्या पातळीखाली १३६ फुटांवर गेले. पण तेथे हे नियम पहिल्यापासून लागू होते, वर येण्यासाठी पाळणाही बसवला होता, आणि मृत्यूंचे प्रमाण एकदम खाली आले.

आपल्या प्रश्नाचा गाभा येथे आहे. जॅमिने यांचे उपाय उपयोगी पडले, पण त्यांचे निदान चुकीचे होते. हा शरीराच्या थकव्याचा परिणाम आहे, असे ते समजत होते. प्रत्यक्षात दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो आणि दाब एकदम उतरला की त्याचे बुडबुडे होऊन ते नसा व मज्जारज्जू यांना इजा करतात. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी हे १८७८ साली सिद्ध केले, म्हणजे पूल खुला झाल्यावर चार वर्षांनी. पाळी छोटी केल्याने नायट्रोजन कमी विरघळत होता, म्हणून माणसे वाचत होती. दाब उतरवायला साडेतीन मिनिटांऐवजी बराच जास्त वेळ घेतला असता तर त्यांतली बहुतेक वाचली असती, हे वाचताना आजही चुटपुट लागते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग यांनी सेंट लुईसचे कॅसून येऊन पाहिले होते. दोन वर्षांनी तेही याच व्याधीने जायबंदी झाले.

प्रश्न : मी चाळीस वर्षे कारखान्यात फिटर होतो. नदीतली बोटवाहतूक न थांबवता, खालून आधार न देता पाचशे फुटांच्या कमानी जोडल्या कशा? बर्फ वापरला होता, हे खरे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बर्फ वापरला होता, आणि त्याचा उपयोग झाला नाही. ही हकिकत आपल्यासारख्या हाताने काम केलेल्या वाचकाला रुचेल.

प्रत्येक कमानीच्या फासळीत एकावर एक अशा दोन पोलादी नळ्या आहेत, सुमारे १८ इंच व्यासाच्या, आणि दोहोंमध्ये १२ फुटांचे अंतर ठेवून त्या आडव्यातिडव्या पट्ट्यांनी बांधल्या आहेत. नळी अखंड नाही. पिंपाला उभ्या फळ्या असतात तशा सहा पोलादी फळ्या गोलाकार मांडून त्यांवर पातळ आवरण चढवले आहे. हे पोलाद क्रोमियम मिसळलेले होते. माल पुरवणाऱ्या कीस्टोन ब्रिज कंपनीत पुढे पोलादसम्राट म्हणून गाजलेले अँड्र्यू कार्नेगी यांची भागीदारी होती, आणि ईड्स प्रत्येक नगाची यंत्रावर चाचणी घेऊन कमअस्सल माल परत धाडतात, यावरून दोघांत सतत खटके उडत. पोलाद बनवण्याची विद्याच तेव्हा कच्ची होती; हव्या त्या प्रतीचा नग मिळेपर्यंत कित्येक भट्ट्या वाया जात. तरीही या भांडणात आमचे मत ईड्स यांच्या पारड्यात आहे, कारण पुलाचा कोणताही एक भाग वाहतूक चालू ठेवून काढता यावा आणि बदलता यावा, अशी रचनाही त्यांनीच केली होती.

नदीत सेंटरिंग, म्हणजे कमानीला खालून आधार देणारा सांगाडा, उभारणे शक्य नव्हते. म्हणून खांबांवर तात्पुरते लाकडी मनोरे उभारून, त्यांवरून ताणलेल्या दोरांच्या आधारे दोन्ही बाजूंनी कमानीचे अर्धे भाग अधांतरी पुढे सरकवत आणले. सप्टेंबर १८७३ मध्ये पश्चिमेकडच्या पहिल्या गाळ्याची दोन टोके समोरासमोर आली, आणि शेवटचा तुकडा बसेना. उन्हाने नळ्या लांबल्या होत्या. थंडी पडेपर्यंत थांबावे, तर लंडनच्या पेढीने १९ सप्टेंबरपूर्वी कमान जुळलीच पाहिजे, या अटीवर पाच लाख डॉलरांचे कर्ज कबूल केलेले. ईड्स स्वतः प्रकृतीच्या कारणाने युरोपात होते. जागेवर त्यांचे सहकारी हेन्री फ्लॅड होते. त्यांनी नळ्यांभोवती गोणपाट गुंडाळून टनावारी बर्फ भरला. दिवसरात्र बर्फ ओतला, नळ्या आकसल्याही, पण थोडक्यासाठी तुकडा अडला.

मग ईड्स यांनी अशा प्रसंगासाठी आधीच आखून ठेवलेला दुसरा मार्ग घेण्यात आला. शेवटच्या नळीचे दोन भाग करून मध्ये आट्यांचा जोड बसवला. तो पिळून आखूड करायचा, खाचेत बसवायचा आणि मग उलटा पिळून हवा तेवढा लांबवायचा. १७ सप्टेंबरच्या रात्री कमान जुळली आणि लंडनला तार गेली. दुसऱ्याच दिवशी जे कुक या बड्या अमेरिकन भांडवलदाराची बँक बुडाली आणि अमेरिकेत १८७३ ची प्रसिद्ध मंदी सुरू झाली. काम आणखी दोन दिवस रखडले असते तर कर्जाचे काय झाले असते, याची कल्पना करता येते.

प्रश्न : एवढ्या खर्चाचा पूल फायद्यात चालला का? आज त्यावरून गाड्या जातात का?
– निवृत्त बँक अधिकारी, विलेपार्ले

उत्तर : फायद्यात चालला नाही. जोडमार्ग, शहराखालचा बोगदा आणि व्याज धरून खर्च १ कोटी डॉलरांच्या घरात गेला होता, आणि पूल खुला झाल्यावर वर्षभरातच कंपनीने दिवाळे काढले. कारण असे की पूल तयार होता, पण त्यावरून गाड्या नेण्याची व्यवस्था तयार नव्हती. नदीपलीकडच्या रेल्वे कंपन्यांनी करार केले नाहीत, शहरात मध्यवर्ती स्थानक नव्हते, आणि फेरीबोटवाल्या कंपनीने दर पाडून माल आपल्याकडेच ठेवला. १८७८ साली पूल लिलावात अवघ्या २० लाख डॉलरांना गेला. पुढे तो रेल्वे कंपन्यांच्या संयुक्त संघटनेकडे आला. आपण बँकेत होतात, तेव्हा भक्कम मालमत्ता आणि कोरडी तिजोरी ही जोडी आपल्याला नवी नसेल.

रेल्वेगाड्या १९७४ पर्यंत, म्हणजे बरोबर शंभर वर्षे, या पुलावरून गेल्या. नंतरच्या काळातील मोठे डबे आणि जड गाड्या यांना तो अपुरा पडू लागला होता. १९९३ पासून खालच्या मजल्यावरच्या त्याच जुन्या मार्गाने मेट्रोलिंक ही शहरी रेल्वे धावते. वरचा रस्ता काही वर्षे बंद होता, तो २००३ मध्ये पुन्हा खुला झाला, आणि त्यावरून पायीही जाता येते.

प्रश्न : आमच्या ठाण्याच्या खाडीवरचा रेल्वेपूल १८५४ चा, म्हणजे या पुलाहून वीस वर्षांनी मोठा. मग भारतात असे कॅसून का वापरले नाहीत? आपल्या नद्या काय कमी खोल आहेत?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत गाडी सुरू झाली ती खाडीवरच्या पुलावरूनच, आणि भारतीय रेल्वेच्या इतिहासात त्याचा मान मोठा आहे. पण त्याची जात वेगळी. ठाण्याची खाडी मिसिसिपीच्या मानाने उथळ आहे, आणि तेथे छोट्या छोट्या दगडी कमानींवर काम भागले. तुलना करायचीच तर गंगेच्या खोऱ्यातल्या पुलांशी करावी, आणि तेथे आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर सापडते.

गंगेच्या गाळात खडक कित्येकदा हाती लागण्याइतका जवळ नसतोच. तेथल्या अभियंत्यांनी आपल्याकडची जुनी विहीर बांधण्याची रीत उचलली. नदीच्या पात्रात गोल कड्यावर विटांचे बांधकाम करायचे, मधल्या पोकळीतून वरूनच यंत्राने वाळू उपसायची, आणि विहीर आपल्याच वजनाने खाली उतरू द्यायची. माणसाला दाबाच्या हवेत उतरावे लागत नाही. पद्मेवरचा (गंगेचे बांगलादेशातले नाव), आज बांगलादेशात असलेला हार्डिंग पूल १९१५ साली खुला झाला. त्याच्या विहिरी नीचांकी पाण्याखाली सुमारे १६० फूट उतरवल्या होत्या, म्हणजे ईड्स यांच्या सर्वांत खोल पायाहूनही खोल, आणि त्या खडकावर नव्हे तर वाळूतच टेकलेल्या आहेत. पुरात तळ जेवढा खरवडला जाऊ शकतो त्याच्याही बऱ्याच खाली पाया गेला, तर वाळू भार पेलते, हा त्यामागचा हिशेब आहे. शिवाय नदीने पात्र बदलून पुलाला वळसा घालू नये म्हणून दोन्ही काठांना लांबच लांब मार्गदर्शक बांध घातले, ज्याची गरज सेंट लुईसला त्या प्रमाणात नव्हती.